मदत हवी आहे: मोठा मग भरला की पॉडची कॉफी पाणचटही लागते आणि कडूही

घरी पॉडवालं (कॉफीपूड भरलेली छोटी बंद डबी घालायचं) कॉफी मशीन आलंय. बटणं चार: १८०, २४०, ३०० आणि ३५० मिली. मला सकाळी भरलेला मग लागतो, म्हणून मी डोळे झाकून ३५० दाबते. रंग ठीकठाक दिसतो, पण घोट घेतला की पुळकवणी, आणि मागाहून जिभेवर कडवटपणा रेंगाळतो. तोच पॉड १८० वर मस्त लागतो. पाणचट तर पाणचट, पण वर कडू कशी? मोठ्या मगात कॅफीनही कमी मिळतं का? (मशीन बिघडलंय असं म्हणू नका, कालच डिस्केल केलंय, म्हणजे आत साचलेला क्षार काढलाय.)

प्रतिसाद १
मशीन ठणठणीत आहे. बटणाने फक्त पाणी बदलतं, पॉडमधली पूड तेवढीच राहते, साधारण ९ ते १२ ग्रॅम. कागदी गाळणीतून कॉफी करणारे लिटरला ५५-६० ग्रॅम पूड धरतात. त्या हिशोबाने १० ग्रॅमला १८० मिली अगदी बरोबर बसतं. तुम्ही जवळजवळ दुप्पट ओतताय.

कडूपणाचं म्हणाल तर आंबट-गोड चव आणि वास सुरुवातीच्या पाण्यातच उतरतात. नंतरचं पाणी नुसत्या चोथ्यातून कडू-तुरट तेवढं ओढून आणतं. एकदा ३०० वर लावा आणि दर १०० मिलीला खालचा ग्लास बदला, मग कळेल. कॅफीनची चिंता नको, तेही बहुतेक आधीच उतरलेलं असतं.

प्रतिसाद २
१८० वर काढा आणि वरून साधं गरम पाणी घाला. पातळ होईल, पण कडू नाही. दाटच हवी असेल तर एकाच मगात लागोपाठ दोन पॉड, दोन्ही १८० वर. मात्र कॅफीनही दुप्पट जाईल, हे ध्यानात ठेवा. ‘स्ट्राँग’ बटण असेल तर त्याने पाणी सावकाश सुटतं, थोडा फरक पडतो. पूड काही वाढत नाही.

धागाकर्ती
केला ग्लासांचा प्रयोग. पहिला काळाकुट्ट, वास घरभर. दुसरा तपकिरी, पिण्याजोगा. तिसऱ्यातून पलीकडच्या पेपरातला मथळा वाचता आला, आणि चव ओल्या पुठ्ठ्याची! हे मी रोज मगात मिसळून पीत होते. आज १८० अधिक गरम पाणी केलं. मग अर्ध्यावर आलाय, अजून तोंड वाकडं झालेलं नाही.