क्रोकर बेटावरील मुले अनाथ नव्हती

क्रोकर बेटावरील मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मिशनने चालवलेल्या बालगृहाला एका चर्चेत ‘अनाथाश्रम’ म्हटले गेले, ते मला दुरुस्त करावेसे वाटते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या या बेटावर १९४० च्या सुमारास जी मुले आणली गेली, त्यांपैकी अनेकांच्या आया हयात होत्या. परंतु १९१८ च्या अध्यादेशाने आदिवासी मुलांचे कायदेशीर पालकत्व ‘संरक्षक’ म्हणवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेले असल्यामुळे, मिश्र वंशाच्या मुलांना आईपासून तोडण्यासाठी तिची संमती लागतच नसे. शेकडो मैलांवरच्या वाळवंटी मुलखातून आलेल्या मुलांना त्या बेटाची भाषाही परकी होती, आणि तिथे त्यांना सांभाळणाऱ्या पगारी बाईचे अधिकृत पदनाम होते ‘कॉटेज मदर’. हे पदनाम वाचले की पुढे वाचवत नाही.

तरीही त्या बायकांविषयी सरसकट कठोर बोलणे मला अन्यायाचे वाटते. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्याच उत्तर किनाऱ्यावरील डार्विन शहरावर जपानी बॉम्ब पडले, तेव्हा बेट सोडून जाण्याची मुभा असूनही त्यांच्यापैकीच एक कॉटेज मदर, मार्गारेट सॉमरव्हिल, मुलांसोबत थांबल्या. पुढे एप्रिलमध्ये ९५ मुलांना घेऊन निघालेला तो जथा होडीने, पायी, ट्रकने आणि रेल्वेने सुमारे ५,००० किलोमीटर कापून ४४ दिवसांनी सिडनीला पोहोचला. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये सॉमरव्हिल मुलांसह परतल्या, पण पुन्हा त्या बेटावरच. मुलांच्या आयांकडे नव्हे.