टूरची बाकी भरावी का? तुमचे अनुभव हवेत

आई-बाबांच्या लग्नाला या नोव्हेंबरात पन्नास वर्षं होतायत, म्हणून काठमांडू-पोखरा-मुक्तिनाथ टूर जुलैतच ठरवली. चौघांचे माणशी 15,000 ॲडव्हान्स दिले. माणशी 37,000 बाकी 10 ऑक्टोबरच्या आत भरायचेत. मधे 9 सप्टेंबर 2025 ला काठमांडूत आंदोलनात संसद पेटली, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, विमानतळ बंद झाला. मग सुशीला कार्कींचं अंतरिम सरकार आलं, विमानं सुरू झाली. टूरवाले म्हणतात, सगळं सुरळीत. नाही भरले तर 60,000 गेले. भरले आणि टूर बारगळली तर 2,08,000 अडकले. बाबा 76 वर्षांचे आहेत. मुक्तिनाथ 3,700 मीटरच्या वर, पुढच्या वर्षी झेपेल का, कोण सांगणार? अशा वेळी तुम्ही काय केलंत आणि पुढे काय झालं, ते लिहा.

सिंहगड रोड
आम्ही 29 एप्रिल 2025 ला काश्मीरला निघणार होतो. 22 ला पहलगामजवळ बैसरनमध्ये पर्यटकांवर हल्ला झाला आणि बाकी भरायची तारीख होती 24. टूरवाल्यांचा फोन आला, गुलमर्ग सुरू आहे, भरून टाका. बायको म्हणाली, मुलांना घेऊन मी जाणार नाही. विषय तिथेच संपला. ज्या दिवशी निघायचं, त्याच दिवशी तिथल्या सरकारने 87 पैकी 48 पर्यटनस्थळं बंद केली. ॲडव्हान्स परत मिळणार नाही असं सांगण्यात आलं. पण विमान कंपन्यांनी त्या दिवसांतल्या श्रीनगरच्या तिकिटांचं रद्द शुल्क माफ केलं होतं. मी पीएनआर मागून घेतला, कंपनीच्या साइटवर पाहिलं, तर पूर्ण रिफंड एजंटच्या खात्यात जमा! तो स्क्रीनशॉट पाठवल्यावर तिकिटाचे पैसे आले. हॉटेलचे गेले. तुम्हीही पीएनआर आजच मागा. तिकिटं अजून काढलीच नसतील, तर तुमचा ॲडव्हान्स नेमका कशात अडकलाय, हेही विचारा.

कर्वेनगर
नेपाळचंच सांगते. 25 एप्रिल 2015 चा भूकंप झाला तेव्हा आमची नोव्हेंबरची टूर ठरलेली होती. सहा महिने भूकंपाचीच धास्ती. शेवटी बाकी भरली, गेलो, आणि त्रास झाला तो डिझेलचा! सप्टेंबरपासून सीमेवर नाकाबंदी होती, रक्सौलहून टँकर जात नव्हते. पोखऱ्याची बस दोन दिवस निघालीच नाही, हॉटेलात गॅस नाही म्हणून चुलीवरचा डाळ-भात. तरी पशुपतिनाथाचं दर्शन झालं, माणसांनी जीव लावला. मला पैसे भरल्याचा पश्चात्ताप नाही. मात्र विमानतळ सुरू आहे एवढ्यावर थांबू नका. मुक्तिनाथच्या वाटेवरचा पोखरा-जोमसोमचा रस्ता आणि गाड्यांचं इंधन यांचीही चौकशी करा.

बाणेर
मार्च 2020. युरोपची बाकी 4 तारखेला भरली, 22 पासून भारतात येणारी आंतरराष्ट्रीय विमानं बंद. रोख परत मिळाली नाही, क्रेडिट नोट मिळाली. ती 2022 मध्ये वापरली, वर दरवाढीचे पैसे भरून. पण तोवर सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांच्या वाट्याची नोट दुसऱ्याच्या नावावर करून द्यायला टूरवाले तयार होईनात. ती टूर खरं तर त्यांच्यासाठीच होती. ते अजून खुपतं. बाबांचं वय पाहता क्रेडिट नोट मान्य करू नका. रोख परत, तेही ईमेलवर लिहून घ्या.

निगडी
टूर रद्द होण्यासाठीचा विमा आता काढून उपयोग नाही. आम्ही गडबड सुरू झाल्यावर काढला होता. आधीच माहीत असलेल्या घटनेसाठी दावा बसत नाही, आणि 'भीती वाटली म्हणून रद्द केलं' याला तर नाहीच.

धनकवडी
आमची टूर त्यांनीच रद्द केली, माणसं भरली नाहीत म्हणून, आणि तरी पैसे देईनात. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तीन आठवड्यांत पैसे जमा. नसते आले तर जिल्हा ग्राहक आयोग होताच; 5 लाखांपर्यंत तिथे शुल्क लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मला उपयोग झाला तो व्हॉट्सॲपवरच्या त्यांच्या लेखी उत्तरांचा. फोनवरच्या गोड बोलण्याचा काही झाला नाही.

मी, कोथरूडहून, पुन्हा
सगळ्यांचे मनापासून आभार. पीएनआर मागितला, तर तिकिटं अजून काढलेलीच नाहीत! म्हणून ईमेल केला: तिकिटं काढून पीएनआर द्या, टूर तुमच्याकडून रद्द झाली तर रोख परत द्याल असं लिहा, मग त्याच दिवशी भरते. त्यांनी तारीख 20 पर्यंत वाढवली आहे, लेखी उत्तर यायचंय. बाबांना उद्या डॉक्टरांकडे नेते. उंचीवर जायला त्यांनी नको म्हटलं, तर मुक्तिनाथ गाळून पोखऱ्यापर्यंतच जाऊ.