जुन्या जीपमध्ये वाघाटीची (छोट्या रानमांजरीची) पिल्लं आहेत, गाडीचं काम कसं करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात राहतो, शेती जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची महिंद्रा एमएम ५४० बरीच वर्षं उभी आहे. आमचे टोमॅटोचे क्रेट याच जीपमधून नारायणगावच्या बाजारात जायचे, त्यामुळे ती भंगारात द्यायला मन होत नाही. डिझेलची टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलले, पाइपातली हवा काढली. आता इंजिनला सेल्फ मारायचा तेवढा बाकी होता.

त्याआधी मागचा पत्रा किती सडलाय ते बघायला बाकाची गादी उचलली. खाली काथ्याच्या चोथ्यात दोन पिल्लं. मुठीत मावतील एवढीच. डोळे नुकते किलकिले झालेले, करड्या अंगावर काळ्या ठिपक्यांच्या सरळ ओळी, कपाळावरून मानेकडे गेलेले गडद पट्टे. त्यातलं एक बॅटरीच्या उजेडाकडे तोंड करून फिस्कारलं, तेही ऐकू येईल न येईल असं. गादी होती तशी ठेवली आणि शेडबाहेर आलो.

शेजारचे काका म्हणाले, बिबट्याची आहेत. आमच्याकडे उसात बिबट्याचे बछडे सापडतात, त्यामुळे वस्तीवर लगेच भीती पसरली. पण बिबट्याचं पिल्लू जन्मतःच याहून बरंच मोठं असतं. वाघाटीच्या अंगावर तांबूस ठिपके असतात, इथे काळे दिसले म्हणून मीही आधी अडखळलो. लहान पिल्लांचे ठिपके काळेच असतात हे नंतर वाचलं. वाघाटी ही जगातली सर्वांत लहान रानमांजर, पूर्ण वाढलेली साधारण एक ते दीड किलोची. शेडलगतच्या उसाची तोड नुकतीच झाली, तिथूनच आई पिल्लं घेऊन इकडे आली असावी.

१९२६ वर फोन करून वन विभागाला कळवलंय. पिल्लांना हात लावू नका, संध्याकाळी माणूस येऊन बघेल, असं सांगितलं. घरात दूध पाजायचा विषय निघाला होता, तो मी थांबवला. गाईच्या दुधाने इतक्या लहान पिल्लांना हगवण लागते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाटी अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे पिल्लं उचलून घरी नेणं हा गुन्हाच.

माझी मनापासून इच्छा आहे की पिल्लं आईपाशीच राहावीत. गाडी थांबेल. अडचण गॅस कटिंगवाल्याची आहे, तो पुढच्या आठवड्यात येणार होता. त्याला नको म्हणून सांगतोच आहे, पण किती दिवसांनी बोलवू? माणसाची चाहूल लागली की आई पिल्लं दुसरीकडे हलवते असं ऐकलंय, ते रातोरात होतं की काही दिवस जातात? तोवर पुढचं बॉनेट उघडून हातानेच होणारं काम, म्हणजे वायरिंग, रेडिएटरचे पाइप, दुपारी केलं तर चालेल, की शेडमध्ये पाऊलच टाकू नये? आई येते की नाही हे बघायला लांबून इन्फ्रारेड कॅमेरा लावला तर ती बिचकेल का? वस्तीवरची कुत्री रात्री मोकळी असतात, ती बांधून ठेवायला सांगितली आहेत. शेडला आडोसा केला तर आईचीच वाट अडेल अशी भीती वाटते.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात ऊसतोडीच्या वेळी अशी पिल्लं आईला परत मिळवून दिलेली कोणी प्रत्यक्ष पाहिली असतील, तर कृपया सविस्तर लिहा.