देशातल्या विमानतळांवरचं लाउंज: तुमचे अनुभव लिहा

हल्ली ओळखीत कोणीही विमानाने निघालं की पहिला प्रश्न हाच, कार्डावर लाउंज आहे ना? लाउंज म्हणजे विमानतळावरची बसायची-खायची वेगळी जागा, पूर्वी तिथे बिझनेस क्लासवालेच दिसायचे, आता बऱ्याच साध्या डेबिट कार्डांवरही मिळतं, सिक्युरिटी चेक झाला की काउंटरवर बोर्डिंग पास दाखवायचा, कार्ड स्वाइप करायचं, रुपे कार्डावर 2 रुपये कापले जातात आणि आत बसून खा. पण नियम सारखे बदलतायत, म्हणून आत काय मिळालं तेही लिहा आणि दारातून परत यावं लागलं असेल तर तेही. देशांतर्गत प्रवासाचंच लिहा प्लीज.

*

आईला गुडघ्यांचा त्रास आहे, मुंबई टी-2 वरून सकाळची फ्लाइट होती, व्हीलचेअर सांगितली होती. ढकलणारा दादा स्वतःच म्हणाला की ताई, आजींना लाउंजमध्ये बसवा, मी बोर्डिंगला न्यायला येतो. त्या दिवशी आईची एकादशी. इडली, उपमा, पाव सगळं मांडलेलं पण तिच्या कामाचं फक्त पपई नि कलिंगड, मी तिथल्या मुलीला उपास आहे सांगितलं तर तिने आतून दूध गरम करून आणलं, साखर वेगळी. आणि टॉयलेट हाकेच्या अंतरावर, स्वच्छ. वयस्कर माणसाला जेवणापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे, ज्यांनी आईवडिलांना घेऊन प्रवास केलाय त्यांना पटेल. कार्ड ज्याच्या नावावर त्यालाच सोडतात, म्हणून आईच्या पेन्शनच्या खात्यावर लाउंजवालं डेबिट कार्ड काढून घेतलंय.

*

आम्हाला दारातूनच परत पाठवलं. क्रेडिट कार्ड चाललं नाही, मागच्या तिमाहीत खर्च कमी झाला म्हणे, आणि बँकेने तसं ठळक कुठे कळवलं नव्हतं. सोबत सासूबाई, त्यांना मी आधीच सांगून ठेवलेलं की आत जेवू, त्यांचं तोंड उतरलेलं बघून फार वाईट वाटलं.

*

वरच्या ताईंसाठी, ही खर्चाची अट आता बऱ्याच बँकांची आहे. आयसीआयसीआयने एप्रिल 2024 पासून आधीच्या तिमाहीत 35,000 खर्चाची अट घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बऱ्याच कार्डांवर ती 75,000 केली. शिवाय बँक आणि लाउंज यांच्या मधे एक कंपनी असते, तिचं काही बिनसलं तरी कार्ड चालत नाही. ड्रीमफोक्स या अशाच कंपनीने सप्टेंबर 2025 मध्ये देशातली लाउंज सेवा बंद केली तेव्हा बँकांना दुसरी सोय बघावी लागली. निघायच्या आदल्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये बघाच.

*

मला डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतो. डिसेंबरात दिल्लीला धुक्यात अडकलो, फ्लाइट कधी निघणार कोणी सांगेना, आणि इन्सुलिन घेणाऱ्याला जेवण कधी मिळणार हे आधी माहीत असावं लागतं नाहीतर घ्यायचं कधी? लाउंजमध्ये डाळ-भात-भाजी समोर दिसत होती, ताट वाढून घेतलं, शांतपणे इंजेक्शन घेतलं आणि जेवलो. दोन-तीन तासांची मर्यादा असते, ती उलटून गेली होती पण मॅनेजरला प्रिस्क्रिप्शन दाखवल्यावर त्याने बसू दिलं. त्या माणसाचे आभार मानायचे राहू नयेत म्हणून इथे लिहितोय.

*

मला नाही पटत बुवा. शुक्रवारी संध्याकाळी लाउंजबाहेर जी रांग लागते त्यात उभं राहण्यापेक्षा घरचं थालीपीठ नाहीतर दशमी बरी, कोरडं खाणं सिक्युरिटीत कोणी अडवत नाही, रिकामी बाटली न्या आणि आत पाणी भरा. आणि ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांनी काय करायचं? कोलकात्याला डिसेंबर 2024 मध्ये उडान यात्री कॅफे सुरू झाला, तिथे चहा 10 रुपये आणि समोसा 20. असं प्रत्येक विमानतळावर पाहिजे, लाउंजपेक्षा त्याची गरज मोठी आहे.

*

+१ कॅफेला. बाकी एक सांगते, बऱ्याच विमानतळांवर आता बोर्डिंगची अनाउन्समेंट होत नाही, आत गार एसीत डोळा लागतो, आमच्या शेजारचं कुटुंब असंच झोपलेलं, त्यांच्या गेटचा नंबर स्क्रीनवर बघून माझ्या नवऱ्याने उठवलं. गेट साधारण 25 मिनिटं आधी बंद होतं. अलार्म लावूनच टेका.

*

तान्ह्या बाळांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. माझी लेक आठ महिन्यांची होती, कोपऱ्यातला सोफा मिळाला, ओढणी घेऊन निवांत पाजता आलं, नाचणीच्या सत्त्वासाठी उकळतं पाणी दिलं, वाटी-चमचा विसळून दिला. तिचे पैसे घेतले नाहीत पण बोर्डिंग पास तिचाही मागितला, तो हाताशी ठेवा.