शाळा संपली, पुढे काय करू कळत नाहीये

सगळ्यांचं ठरलंय, माझंच नाही. कुणी विचारलं पुढे काय की पोटात गोळा येतो, रात्री झोप पण नाही धड. कुणाचं असं झालंय का?

निवांत_गडी: झालंय ना. आणि सगळ्यांचं ठरलंय वगैरे काही नसतं, अर्धे नुसते ठोकून देतात. मी पहिलं वर्ष अकाउंट्सला काढलं, मग सोडलं, आता इलेक्ट्रिशियन आहे, मजेत.

चहाबाज: आयुष्यभराचं नको ठरवूस, पुढच्या सहा महिन्यांचं बघ. जे काम आवडेलसं वाटतं ते करणाऱ्याला गाठ आणि विचार की बाबा दिवसभर नक्की करतोस काय, कंटाळा कशाचा येतो. मला त्यातूनच कळलं की लॅबचं काम आपल्याला झेपणारं नाही.

प्रश्नकर्ता: हे बरंय. मावसभाऊ नर्सिंगला आहे, त्यालाच फोन लावतो.

निवांत_गडी: लाव. आणि झोपेचं घरी सांग रे.