मदत हवी आहे : शूर्पणखा रावणाकडे का गेली?

पंचवटीतल्या आमच्या वाचनगटात सध्या वाल्मीकींचे अरण्यकांड चालू आहे. नाक कापले म्हणून नाशिक, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत. गाडी अडते ती शूर्पणखेच्या हेतूवर.

गटातले काहीजण म्हणतात की तिला रावणाचाच सूड घ्यायचा होता. आधार म्हणून उत्तरकांड दाखवतात: कालकेय दानवांशी झालेल्या युद्धात रावणाने तिचा नवरा विद्युज्जिह्व मारला आणि मग तिला खर या राक्षसाबरोबर दंडकारण्यात पाठवले. पण अरण्यकांडात या जुन्या जखमेचा उल्लेख सापडत नाही. उत्तरकांड नंतरची भर आहे असे बरेच अभ्यासक मानतात. मग त्यातला हेतू मागे नेऊन इथे चिकटवणे कितपत बरोबर? मला तरी हे ठिगळ वाटते.

उलट अरण्यकांडाच्या ३४व्या सर्गात (अध्यायात) ती रावणाला सांगते की सीतेला तुझी बायको म्हणून आणायला गेले, तेव्हा लक्ष्मणाने मला विद्रूप केले. १७-१८व्या सर्गांत तसे काहीच नाही. तिथे तिला राम हवा असतो, आणि सीतेवर ती धावते ती खायला. म्हणजे हे खोटे रावणाची वासना ओळखून रचलेले आहे. ते खर-दूषणांच्या वधाच्या संतापातून, की थेट अपमानातून?

दुसरे, राम लक्ष्मणाला 'अकृतदार', म्हणजे अविवाहित, म्हणतो. ऊर्मिला असताना! पुढे तोच याला परिहास म्हणतो. रामायणाचे जुने भाष्यकार हा शब्द कसा सोडवतात?

कृपया कांड-सर्ग देऊन उत्तर द्या. मालिकांतले संवाद नकोत.