साठीनंतर स्कायडायव्हिंग: उतरताना गुडघे कसे सांभाळावेत? (मदत हवी आहे)

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी स्कायडायव्हिंगचे रीतसर प्रशिक्षण सुरू केले असून, सुमारे १३,००० फुटांवरून दोन प्रशिक्षकांच्या साथीने उडी घेणे आणि मनगटावरील अल्टिमीटर (उंचीमापक) पाहत ५,५०० फुटांच्या आसपास पॅराशूट उघडणे मला आता जमू लागले आहे. त्यातला आनंद शब्दांत मावत नाही. डॉक्टरांची परवानगीही घेतलेली आहे.

अडचण आहे ती जमिनीवर उतरण्याची. वेग मोडण्यासाठी दोन्ही टॉगल (पॅराशूट वळवण्याच्या व वेग कमी करण्याच्या दोऱ्यांच्या मुठी) एकदम खाली ओढण्याचा नेमका क्षण मला साधत नाही, कारण नजर क्षितिजाऐवजी पायांखालच्या गवताकडे वळते आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. पाय जुळवून कुशीवर लोळण घेण्याचा सराव मी नियमित करते, परंतु या वयात तेवढे पुरेसे आहे का? उशिरा शिकलेल्यांनी गुडघ्यांसाठी कोणते व्यायाम केले आणि मोठ्या, संथ कॅनोपीचा (पॅराशूटच्या कापडी छत्रीचा) त्यांना कितपत उपयोग झाला, हे कृपया सविस्तर सांगावे.